महापुरात अडकलेल्या घरासाठी पाण्याचा फिल्टर: तीन उपकरणे आणि एक पेटी

सांगलीत राहणाऱ्याला महापुराची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. ऑगस्ट २०१९ मध्ये नदी ५७ फुटांवर गेली, तेव्हा आम्ही पाचजण पहिल्या मजल्यावर चार दिवस अडकलो होतो. खिडकीखाली गल्लीभर पाणी आणि घरात प्यायला दीड कळशी, अशी अवस्था होती. भिंतीवर आरओ यंत्र होते, पण वीज गेल्यावर आणि नळ बंद पडल्यावर त्याचा उपयोग फक्त कॅलेंडर अडकवण्यापुरता उरला. त्यानंतर आणि २०२१ च्या पुरानंतर मी विजेशिवाय चालणारी तीन उपकरणे टप्प्याटप्प्याने विकत घेतली. हा त्यांचा अनुभव आहे. उत्पादकांची नावे मी मुद्दाम देत नाही, कारण या वस्तू एकाच पद्धतीच्या बनावटीत अनेक नावांनी मिळतात आणि निवड नावावरून करण्यापेक्षा आतल्या रचनेवरून करणे शहाणपणाचे आहे.

पहिले उपकरण स्ट्रॉसारखे, म्हणजे नळी थेट पाण्यात बुडवून तोंडाने ओढायचे. जाहिरातीतला गिर्यारोहक झऱ्यावर ओणवा होऊन सहज पाणी पिताना दिसतो, आमच्या सासूबाईंनी मात्र दोन-तीनदा ओढून पाहिले आणि नळी माझ्या हातात परत देत म्हणाल्या, "अगं, हे पाणी प्यायचं आहे की हुक्का ओढायचा आहे?" त्यांचे म्हणणे रास्त होते. एकट्या तरण्या माणसाला हे साधन ठीक आहे, पण त्यातून भांडे भरता येत नाही, भात शिजवायला पाणी मिळत नाही आणि दम्याच्या माणसाला किंवा लहान मुलाला ते ओढवत नाही. कुटुंबासाठी पैसे घालवायचे असतील तर इथे घालवू नयेत.

दुसरे म्हणजे दोन मजली प्लास्टिकचा, वरून पाणी ओतायचा घरगुती फिल्टर. टाटा केमिकल्सने २००९ मध्ये भाताच्या तुसाची राख आणि चांदीचे सूक्ष्म कण वापरून 'स्वच्छ' बाजारात आणला, तेव्हापासून हा प्रकार आपल्याकडे बऱ्याच घरांना परिचित आहे. मी घेतलेला दुसऱ्याच एका कंपनीचा होता. रोजच्या नळाच्या पाण्याला तो उत्तम चालला, मात्र वर्षभरानंतर त्याचे काडतूस, म्हणजे आतला पाणी गाळणारा बदलता भाग, गावातल्या एकाही दुकानात मिळेना आणि शेवटी तो फिल्टर धान्य ठेवायच्या कामी आला. त्यामुळे असा फिल्टर घेताना त्याच दिवशी दोन काडतुसे जास्तीची घ्यावीत, ती मिळत नसतील तर फिल्टरही घेऊ नये. शिवाय पुराचे गढूळ पाणी थेट ओतले तर काडतूस फार लवकर तुंबते.

तिसरे उपकरण आमच्याकडे टिकले, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. पोकळ तंतूंची, म्हणजे होलो फायबरची ही मुठीत मावणारी नळी असते. वरच्या बादलीतून रबरी नळीने पाणी तिच्यात उतरते आणि खालच्या भांड्यात गाळून पडते. तंतूंची छिद्रे ०.१ मायक्रॉनची, त्यामुळे जिवाणू, अमीबा आणि जिआर्डियासारखे परजीवी त्यातून जाऊ शकत नाहीत. गेल्या जुलैत मी घाटावरून तांबूस पाण्याची एक बादली आणली. तिच्यात तुरटी चार-पाच वेळा फिरवली, दोन तास निवळू दिले, वरचे पाणी धोतराच्या चौपदरी फडक्यातून ओतले आणि मग फिल्टरला जोडले. पहिला लिटर साधारण अडीच मिनिटांत उतरला. दुसऱ्या दिवशी तुरटीविना, नुसत्या फडक्यातून गाळलेल्या पाण्याला मात्र लिटरमागे अकरा मिनिटे लागली. सोबत मिळालेल्या पिचकारीने स्वच्छ पाणी उलट दिशेने जोरात मारले, तेव्हा काळपट लगदा बाहेर आला आणि वेग पुन्हा जवळपास पूर्ववत झाला. ही पिचकारी हरवली की फिल्टर निकामी झाल्यातच जमा आहे, म्हणून ती दोऱ्याने फिल्टरलाच बांधून ठेवली आहे. तुरटी नसेल तर आपल्या आजीच्या काळातली निवळीची बी माठाच्या आतल्या बाजूला उगाळण्याची युक्ती आहेच. तिचे काम तुरटीसारखेच, फक्त सावकाश.

ग्रामपंचायती वापरतात तशा एच-टू-एस तपासणीच्या बाटल्याही मी आणल्या. नदीचे कच्चे पाणी भरलेली बाटली दुसऱ्या दिवशी सकाळी शाईसारखी काळी पडली होती, फिल्टरच्या पाण्याची मात्र दोन दिवसांनीही काळी पडली नाही. इथे घरच्यांचा उत्साह मला थोडा आवरावा लागला, कारण ही बाटली विष्ठेतून आलेल्या जिवाणूंचा सुगावा देते, विषाणूंचा देत नाही. ०.१ मायक्रॉन म्हणजे १०० नॅनोमीटर, आणि पाण्यातून कावीळ पसरवणारे हेपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू साधारण ३० नॅनोमीटरचे असतात. गव्हाच्या चाळणीतून मोहरी निसटावी तसे ते या फिल्टरमधून निसटतात. "९९.९९९ टक्के जिवाणू नष्ट" हा वेष्टनावरचा मजकूर खोटा नसतो, फक्त विषाणूंबद्दल तो गप्प असतो. ज्या देशांत रानातल्या झऱ्यावर माणसांची मैलाघाण फारशी मिसळत नाही तिथे ही उणीव चालून जाते. आपल्याकडे पुरात गटारे, संडासांच्या टाक्या आणि नदी एक होतात, तिथे चालत नाही.

म्हणून फिल्टरच्या जोडीला क्लोरीन हवेच. गंमत अशी की क्लोरीनची उणीव बरोबर उलटी आहे. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नेहमीच्या मात्रेतल्या क्लोरीनला दाद देत नाही, पण तो चार-सहा मायक्रॉनचा असल्यामुळे फिल्टरमध्ये हमखास अडकतो. गढूळ पाण्यातला गाळ क्लोरीन खाऊन टाकतो, म्हणून आधी गाळणे आणि नंतर गोळी हाच क्रम ठेवावा. दिल्लीत १९५५ मध्ये यमुनेच्या पुरानंतर सांडपाणी शहराच्या पाणीपुरवठ्यात शिरले, तेव्हा जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी आणि क्लोरीनची मात्रा वाढवूनही हजारो लोकांना कावीळ झाली होती, जिवाणूंच्या साथी मात्र फारशा वाढल्या नव्हत्या. विषाणू किती चिवट असतात याची ही नोंद लक्षात ठेवून मी गोळी टाकल्यावर पट्टीवर सांगितलेली तीस मिनिटे पूर्ण होऊ देते आणि गॅस शिल्लक असेल तर आजारी माणसाचे आणि बाळाचे पाणी उकळतेच. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे.

माझ्याकडच्या एका गोळीत २० लिटर पाणी होते, पण गोळ्या वेगवेगळ्या वजनांच्या मिळतात, तेव्हा पट्टी वाचल्याशिवाय शेजाऱ्याचे प्रमाण उचलू नये. आशाताई घरोघर देतात ते मेडिक्लोर हे क्लोरीनचे द्रावणही चांगले आहे. मात्र उष्णतेने आणि उजेडाने त्याचा जोर काही महिन्यांत ओसरतो, म्हणून पेटीत गोळ्या आणि रोजच्या वापरात बाटली, अशी वाटणी मी केली आहे. एक गोष्ट यांपैकी कशानेही साधत नाही. पुराच्या पाण्यात मिसळलेले डिझेल, कीटकनाशके आणि कारखान्यांची रसायने ना ०.१ मायक्रॉनला अडतात ना गोळीने जातात. त्यामुळे गल्लीतले पाणी हा अगदी शेवटचा पर्याय आहे.

खरे तर सगळ्यात स्वस्त उपकरण आपल्या गच्चीवर आधीच असते. सांगलीचा पूर बहुतेक वेळा सांगलीच्या पावसाने येत नाही. वर महाबळेश्वर-कोयनेच्या बाजूला पाऊस कोसळतो, धरणांतून विसर्ग वाढतो आणि इथे ऊन पडलेले असतानाही पुलावरची पातळी चढत राहते. म्हणजे आपल्याला एखादा दिवस तरी हाताशी मिळतो. पातळी इशाऱ्याकडे सरकू लागली की आम्ही १००० लिटरची टाकी काठोकाठ भरतो आणि तिच्या खालचा कॉक बंद करतो, नाहीतर कोणीतरी सवयीने फरशी धुऊन मोकळे होते. माणशी दिवसाला १५ लिटर हे आपत्तीतले किमान प्रमाण धरले, तर पाचजणांना ती टाकी तेरा दिवस पुरते. जमिनीखालच्या हौदावर मात्र भिस्त ठेवू नये, पुराचे पाणी सर्वांत आधी त्यातच शिरते.

पेटीतल्या बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. डोक्याला लावायचा टॉर्च हातातल्यापेक्षा दुप्पट कामाचा ठरला, कारण जिन्यावरून म्हाताऱ्या माणसाला आणताना दोन्ही हात मोकळे लागतात. शिट्टी दहा-वीस रुपयांची, पण अंधारात बोटवाल्यांना हाक पोहोचत नाही तिथे ती पोहोचते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख असलेली ओआरएसची पाकिटे औषधाच्या दुकानातूनच घ्यावीत, गोड पेयांच्या खोक्यांवर विसंबू नये. पाणी ओसरल्यावर चिखल उपसायला गुडघ्यापर्यंतचे गमबूट लागतात. साप आणि लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा जंतू दोन्ही तिथेच भेटतात. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतलेला "बाहत्तर तासांचा संपूर्ण संच" मात्र निव्वळ पैशांची नासाडी निघाला. त्यात होकायंत्र होते, मासे धरायचा गळ होता आणि पाण्यासाठी काहीही नव्हते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी क्लोरीनच्या गोळ्या, तुरटीचा खडा आणि झाकणाचे दोन कॅन आणावेत. एवढे पाचशे रुपयांच्या आसपास होते. होलो फायबरचा फिल्टर त्यानंतर, सवडीने घ्यावा आणि मे महिन्यात एकदा जोडून पाहावा, कारण रबरी नळी कुठे बसते हे मेणबत्तीच्या उजेडात शोधण्यात अर्थ नाही. स्ट्रॉ मी भाच्याला देऊन टाकली. तो तिला घेऊन सह्याद्रीत भटकतो आणि तिथे ती छान चालते, असे सांगतो.