एमएसच्या दुखण्यावर साधी पेनकिलर की नसांची गोळी?

एमएसमध्ये, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात, रोगप्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं मायलिन आवरणच कुरतडते. पायांची रात्रभरची आग तिथून येते. पायाला मार लागलेला नसतो. म्हणून डायक्लोफेनॅक (साधी पेनकिलर) गावच्या मेडिकलात स्वस्तात मिळालं, तरी या आगीवर फारसं चालत नाही. उलट उन्हाळ्यात वावरात राबून अंगातलं पाणी आटलेलं असताना ते रोज घेणं किडनीला घातक, आणि मला याचीच जास्त काळजी वाटते. प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन या गोळ्या नसांचे चुकीचे इशारे शांत करतात. त्यासाठी नागपूरला न्यूरोलॉजिस्ट गाठावा लागतो, डोस हळूहळू वाढवतात, सुरुवातीला झापड येते. तरी माझा कौल यांनाच. मात्र बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू नका. गुडघेदुखीची गोष्ट वेगळी. तिथे डॉक्टरांना विचारून थोडे दिवस पेनकिलर चालते.