रोबोटचा क्लास लावू की अप्रेंटिसशिप घेऊ? दोन्हीकडे राहून जे दिसलं ते

माझ्या मामेभावाचं आत्ताच आयटीआय झालंय आणि त्याला रोबोटवर काम करायचंय. त्याला फोनवर जे सांगितलं तेच जरा नीट लिहून काढतोय, कारण चाकण, भोसरी, तळेगाव या पट्ट्यात हाच प्रश्न बऱ्याच पोरांना पडलेला दिसतो. एकीकडे प्रायव्हेट इन्स्टिट्यूटचा दोन-तीन महिन्यांचा रोबोट प्रोग्रॅमिंगचा क्लास, दुसरीकडे एखाद्या कारखान्यात वर्षभराची अप्रेंटिसशिप. मी इलेक्ट्रिशियन ट्रेड केला, नंतर अशाच एका क्लासचं बेसिक मॉड्युल केलं, आणि पुढच्या अॅडव्हान्स मॉड्युलचे पैसे भरायचे की हातात आलेलं अप्रेंटिसचं लेटर घ्यायचं अशी वेळ आली तेव्हा लेटर घेतलं. त्यामुळे माझं माप कुठे झुकतं ते आधीच सांगून टाकतो, पण क्लास वाईट असतो असं मला अजिबात म्हणायचं नाहीये.

आधी एक गोष्ट, जी क्लासवाले सांगत नाहीत आणि कंपनीवाले सांगायची गरज समजत नाहीत. मागणी आहे हे खरंय, इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ रोबोटिक्सच्या आकड्यांप्रमाणे 2024 मध्ये भारतात 9,100 च्या आसपास नवे इंडस्ट्रियल रोबोट बसले आणि त्यातला मोठा हिस्सा गाड्यांच्या धंद्यातला. पण तेवढे रोबोट बसले म्हणून तेवढे प्रोग्रॅमर लागतात असं होत नाही. लाइन उभी करणारी इंटिग्रेटर कंपनी येते, तिचे लोक प्रोग्रॅम लिहितात, ट्रायल घेतात, सही घेतात आणि निघून जातात. त्यानंतर ती लाइन वर्षानुवर्षं तीन शिफ्टमध्ये चालू ठेवायला माणूस लागतो, आणि नवीन पोराला पहिली नोकरी मिळते ती बहुतेक तिथे. म्हणजे पहिल्या दोन वर्षांत तुम्ही कोरा प्रोग्रॅम लिहायला बसाल याची शक्यता कमी, थांबलेला रोबोट परत चालू करायला धावाल याची शक्यता जास्त. तुलना मी या हिशोबानं करतोय. तुम्हाला सुरुवातीपासूनच इंटिग्रेटरकडे डिझाइन आणि सिम्युलेशनमध्ये जायचं असेल तर हिशोब थोडा बदलतो, त्याबद्दल पुढे बोलतो.

क्लासची चांगली बाजू खरंच चांगली आहे. तिथे कोणीतरी शांतपणे बसून समजावतं. टूल फ्रेम म्हणजे काय, युजर फ्रेम कशाला बनवायची, टीसीपी (टूलचं टोक नेमकं कुठे आहे तो पॉइंट) चुकला तर वेल्ड नेमकं का सरकतं, जॉइंट मूव्ह आणि लिनियर मूव्हमध्ये रोबोट वाट कशी बदलतो, पाचवा अॅक्सिस सरळ झाला की सिंग्युलॅरिटीचा (हाताला पुढची वाट ठरवता येत नाही तो) एरर का येतो. ही सगळी माहिती मला क्लासमध्येच मिळाली आणि ती आजही कामाला येते. कारखान्यात यातलं कोणी काही समजावत नाही, सांगणाऱ्याला वेळच नसतो. शिवाय क्लासमध्ये दोन-तीन कंपन्यांचे रोबोट हाताखालून जातात, फनुकचा पेंडंट (रोबोट चालवायचा हातातला रिमोट) वेगळा, कुकाचा वेगळा, एबीबीला जॉयस्टिक, हे सगळं एकदा बघितलेलं असलं की भीती जाते. सिम्युलेशन सॉफ्टवेअरवर घरी बसून हात बसवता येतो ते वेगळंच.

मग मला खटकलं काय, तर एकच गोष्ट. क्लासमधल्या रोबोटला अलार्म आला की सर स्वतः पेंडंट घ्यायचे, दोन-तीन बटणं दाबायचे, अलार्म गेला की पेंडंट परत आमच्या हातात. बॅच मोठी, रोबोट कमी, प्रत्येकाला पेंडंटवर मोजका वेळ, त्यात एकाच्या अलार्मपायी सगळ्यांचा वेळ जायला नको हा त्यांचा विचार होता आणि त्यांच्या जागी तो बरोबरही होता. माणूस मनापासून शिकवणारा होता. पण त्यामुळे झालं असं की रोबोट चालवायचा कसा हे आम्ही शिकलो, थांबल्यावर काय करायचं हे मात्र कोणालाच बघायला मिळालं नाही. मी एकदा विचारलं की सर हे तुम्ही काय केलंत ते दाखवाल का, तर म्हणाले अॅडव्हान्समध्ये आहे. मग अॅडव्हान्सचा सिलॅबस बघितला, तर त्यात पॅलेटायझिंग होतं, व्हिजन होतं, अलार्म रिकव्हरीला एक ओळ होती. माझ्या वेळी फी 40 हजाराच्या पुढे सांगितली होती, आणि त्या एका ओळीवर माझं मन उडालं.

दुसरं त्याच्याशीच जोडलेलं. क्लासचा रोबोट मोकळ्या जागेत उभा असतो, ग्रिपरमध्ये पेन, समोर टेबलावर कागद, त्यावर चौकोन काढा, स्वतःचं नाव लिहा. आजूबाजूला फिक्स्चर (पार्ट बसवायचा साचा) नाही, क्लॅम्प नाही, पीएलसीचा (लाइन चालवणाऱ्या कंट्रोलरचा) इंटरलॉक, म्हणजे चुकीच्या वेळी हालचाल अडवणारी सोय, नाही. अशा रोबोटला कुठूनही कसाही बाहेर काढा, तो कशालाच लागत नाही. खऱ्या सेलमध्ये (कारखान्यातल्या रोबोटच्या कामाच्या जागेत) मात्र रोबोटचा हात आत गेला की परत यायची वाट जवळजवळ एकच असते.

हे म्हणजे काय ते जरा सविस्तर सांगतो, कारण अप्रेंटिसशिपमध्ये मला जे मिळालं ते नेमकं हेच. आमच्या लाइनवर मिग वेल्डिंगचे रोबोट होते, फनुकचे. चालू वेल्डमध्ये वायर जॉबला (वेल्ड होणाऱ्या पार्टला) चिकटते, टॉर्च (वायर सोडणारी वेल्डिंग गन) ओढली जाते आणि एसआरव्हीओ-050 अलार्म येतो, कोलिजन डिटेक्ट, म्हणजे रोबोट कशाला तरी धडकला. टॉर्च दोन क्लॅम्पच्या मधे, वर तिसरा क्लॅम्प आडवा. नवीन पोराचा हात आपसूक वर्ल्ड फ्रेममध्ये झेड प्लसवर जातो, म्हणजे सरळ वर उचल. सरळ वर गेलं की टॉर्चची मान क्लॅम्पवर आणि मग तासाभराचं काम होऊन बसतं. मेंटेनन्सचे दादा होते त्यांनी पहिल्यांदा मला पेंडंटला हातच लावू दिला नाही. आधी बघायला लावलं, टॉर्च कुठून आत आली, कुठे टेकलीय, वायर कुठे चिकटलीय. मग मोडची चावी टी-वनवर (हळू चालवायच्या मॅन्युअल मोडवर), ओव्हरराइड (स्पीडची टक्केवारी) एकदम खाली, वायर पकडीनं कापायची, आणि टूल फ्रेम (टॉर्चच्या रोखानं दिशा धरणारी) घेऊन टॉर्च ज्या दिशेनं आत आली त्याच दिशेनं मागे, थोडं-थोडं. टी-वनमध्ये स्पीड सेकंदाला 250 मिलिमीटरच्या वर जात नाही, पण क्लॅम्प बोटभर अंतरावर असला की तेवढाही खूप वाटतो. आणि डेडमॅन स्विच (पेंडंटवरचं सतत धरून ठेवायचं बटण) घाबरून घट्ट आवळला की रोबोट थांबतो, तो तसाच बनवलेला आहे, मधल्या पोझिशनला धरला तरच चालतो. मला हे क्लासमध्ये तोंडी माहीत होतं, हाताला कळलं ते तिथे.

आणि बाहेर काढला म्हणजे संपलं असं नाही. होमला नेऊन टीसीपी पॉइंटरवर तपासायचा, टॉर्च वाकली नाही ना. मग प्रोग्रॅम कुठल्या ओळीपासून चालू करायचा हा खरा प्रश्न, कारण मधूनच सुरू केला तर रोबोट होमपासून त्या पॉइंटला सरळ जातो आणि मधे काय आहे ते त्याला माहीत नसतं. क्लॅम्प उघडेत की बंद, पीएलसी कुठल्या स्टेपला थांबलाय, जॉब अर्धा वेल्ड झालाय तो स्क्रॅपला टाकायचा की रिवर्कला, हे सगळं बघून मग स्टार्ट. हे शिकवायचं कौशल्य कुठल्या इन्स्टिट्यूटकडे असेलही, नाही असं मी म्हणत नाही, पण त्यासाठी त्यांना फिक्स्चरसकट सेल उभा करावा लागेल आणि मी बघितलेल्या जागी तो नव्हता.

अजून एक उदाहरण देतो, मग हा मुद्दा सोडतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर लाइन चालू केली तर एका रोबोटला एसआरव्हीओ-062. एन्कोडरची बॅटरी गेली, रोबोट आपली जागा विसरला, मास्टरिंग (प्रत्येक अॅक्सिसचा झीरो लावणं) परत करायला लागलं, आणि त्यानंतर प्रोग्रॅममधले पॉइंट टच-अप करत, म्हणजे थोडे-थोडे सरकवून जागेवर आणत, अख्खी शिफ्ट गेली. त्या दिवसापासून मला कळलं की बॅटरी वेळेवर बदलायची आणि बदलताना कंट्रोलर चालू ठेवायचा. सिम्युलेशनमधल्या रोबोटला बॅटरी नसते.

आता अप्रेंटिसशिपची दुसरी बाजू, कारण ती पण काही सोपी नाही. पैसे कमी. 2019 च्या नियमांप्रमाणे आयटीआय पास अप्रेंटिसला महिन्याला किमान 7,000 स्टायपेंड ठरला होता, काही कंपन्या याच्यापेक्षा बरा देतात, पण चाकणला खोली आणि मेस धरली तर हातात फार उरत नाही. शिफ्ट असते, रात्रपाळी असते. पहिले काही महिने टॉर्चचं नोझल साफ करणं, टिप बदलणं, वायरचा स्पूल चढवणं, स्पॅटर (वेल्डचे उडून चिकटलेले थेंब) खरवडणं हेच चालतं आणि तेव्हा क्लासला गेलेले मित्र प्रोग्रॅमचे व्हिडिओ स्टेटसला टाकत असतात, त्याचा त्रास होतो. आणि सगळ्यात मोठा धोका म्हणजे कंपनी तुम्हाला अप्रेंटिस म्हणून घेते आणि वर्षभर जॉब लोडिंगवर उभं करते, जॉब ठेवा, बटण दाबा, जॉब काढा. असं वर्ष काढलेली पोरं मी बघितलीयत, त्यांच्याकडे सर्टिफिकेट आहे पण पेंडंटला त्यांचा हात कधी लागला नाही. तसं होणार असेल तर क्लास शंभर पटीनं बरा, हे मी अगदी मनापासून सांगतो.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर अप्रेंटिसशिप संपल्यावर परीक्षा देऊन एनएसी (नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट) मिळतं, ते सरकारी असतं आणि पुढे कुठेही चालतं. क्लासचं सर्टिफिकेट त्या क्लासचं असतं, इंटरव्ह्यूला घेणारा ते बघतो आणि बाजूला ठेवून विचारतो की अलार्म आला तर काय करशील. निदान मला तरी असंच विचारलं होतं. रोबोट बनवणाऱ्या कंपन्यांचे स्वतःचेही चार-पाच दिवसांचे कोर्स असतात, ते चांगले, पण तिथे बहुतेक कारखान्यांनी पाठवलेली माणसं येतात, एकदा नोकरीला लागलात की कंपनीच्या पैशानं तिकडे जाणं जास्त परवडतं.

आता काही आयटीआयमध्ये इंडस्ट्रियल रोबोटिक्स अँड डिजिटल मॅन्युफॅक्चरिंग टेक्निशियन असा एक वर्षाचा ट्रेड पण आलाय, दहावीवर. ज्यांचं अजून काहीच झालेलं नाही त्यांनी तो बघायला हरकत नाही. तरी माझा कल इलेक्ट्रिशियन किंवा मेकॅट्रॉनिक्सकडे जास्त आहे, दोन वर्षं जातात पण माझ्या अनुभवात रोबोट थांबतो तेव्हा बहुतेक वेळा दोष रोबोटमध्ये नसतोच, प्रॉक्स सेन्सरवर (पार्ट जागेवर आहे का ते बघणाऱ्या सेन्सरवर) स्पॅटर बसलेला असतो, केबल चेपलेली असते, हवेचं प्रेशर कमी पडलेलं असतं. ज्याला मल्टिमीटर धरता येतो आणि ड्रॉइंग वाचता येतं तो तिथे लवकर पोचतो. अर्थात हे मी इलेक्ट्रिशियन आहे म्हणून मला असं वाटत असेल, फिटरवाला कदाचित वेगळं सांगेल.

क्लास कोणी लावावा? ज्याच्याकडे दोन-तीन वर्षांचा पीएलसीचा किंवा मेंटेनन्सचा अनुभव आहे त्यानं बेधडक लावावा, त्याला सेल माहीत आहे, फक्त रोबोटची भाषा शिकायचीय, त्याच्यासाठी दोन महिने पुरतात. डिप्लोमा-डिग्रीवाला आणि इंटिग्रेटरकडे सिम्युलेशनमध्ये जायचंय, त्यानंही लावावा. पण पैसे भरायच्या आधी तिथे जाऊन एका रोबोटमागे पोरं किती ते स्वतःच्या डोळ्यानं मोजा, आणि सरांना विनंती करा की ग्रिपर कुठेतरी अडकवून, अलार्म आणून, तो काढून दाखवा. जो सर हे हसत दाखवेल आणि नंतर तुमच्या हातात पेंडंट देऊन तुम्हाला करायला लावेल, तिथे पैसे भरा, माझं काही म्हणणं नाही.

नुकतंच आयटीआय झालेल्यानं मात्र, घरची फार ओढाताण नसेल तर, आधी अप्रेंटिसशिपच बघावी असं मला वाटतं. अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नाव नोंदवा, आधार जोडलेलं बँक खातं तयार ठेवा कारण स्टायपेंडमधला सरकारचा वाटा थेट खात्यात येतो. आणि इंटरव्ह्यूला गेलात की पगाराच्या आधी हे विचारा की साहेब, मला प्रॉडक्शनला टाकणार की मेंटेनन्सला, आणि रात्रपाळीला रोबोट थांबला तर बघतं कोण. मेंटेनन्स म्हणाले आणि रात्रपाळीला शिफ्टचाच टेक्निशियन बघतो म्हणाले तर स्टायपेंड थोडा कमी असला तरी घ्या, आणि डिपार्टमेंटचं नाव लेटरवर लिहून मागा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर नमस्कार करून निघा, चाकणपासून रांजणगावपर्यंत अजून बरीच गेटं आहेत.