दगड म्हणून विकलेलं सिमेंट

घराच्या दर्शनी भिंतीला किंवा अंगणात नैसर्गिक दगडाच्या खडबडीत फरशा लावायच्या असतील, तर माल उतरवून घेताना त्यातली कुठलीही एक फरशी फोडायला लावा. दुकानात मांडलेली नाही, ट्रकमधली. आमच्याकडे हे झालं नाही आणि अख्खं अंगण उखडायची पाळी आली.

नागपूरच्या बेसा भागात आमचं घर बांधून झालं तेव्हा फाटकापासून ओट्यापर्यंतची वाट आणि फाटकालगतची भिंत दगडाची करायची असं ठरलं होतं. हौस होतीच, पण खरं कारण आई. आधीच्या भाड्याच्या घरात अंगणात गुळगुळीत टाइल्स होत्या. पावसाळ्यात आई तिथे घसरली आणि तिचं मनगट मोडलं. खडबडीत दगडावर ओल्या पायानेही पकड मिळते, म्हणून दगड.

वर्धा रोडच्या बाजूच्या एका दुकानात माल पसंत केला. दुकानाचं नाव इथे देत नाही. मांडलेला नमुना खरा होता, हे आजही सांगतो. फिकट बदामी रंगाचा, नैसर्गिक पापुद्र्यावर फुटलेला सँडस्टोन म्हणजे वालुकाश्म, हात फिरवला की वाळूचा कण लागायचा. "भाऊ, धोलपूरचा माल आहे. राष्ट्रपती भवनाला हाच लागला नं," दुकानदार म्हणाला. राष्ट्रपती भवनाला धोलपूरचा दगड लागला हे खरंच आहे. आमच्या ट्रकमध्ये मात्र तो नव्हता.

माल संध्याकाळी उशिरा आला, पेट्यांमध्ये बंद. बसवणारे कारागीरही दुकानदारानेच पाठवले, "आमची माणसं लावली तरच गॅरंटी" म्हणून. सगळ्या फरशांची जाडी अगदी सारखी होती. विचारलं तर उत्तर तयार: "मशीनवर कॅलिब्रेट केलेला माल आहे." हे उत्तर फसवं आहे, कारण ते अर्धं खरं असतं. दगडाची मागची बाजू मशीनने घासून जाडी एकसारखी करतातच. पण तशा दगडाच्या पाठीवर घासल्याच्या किंवा कापल्याच्या खुणा दिसतात. आमच्या फरशांची पाठ थापीने सारखी केल्यासारखी होती आणि कडेला हवेच्या बुडबुड्यांची बारीक छिद्रं होती. पाठ एकदा सिमेंटमध्ये बसली की कोण बघणार?

उन्हाळ्यात भिंतीचा रंग उडायला लागला. नागपूरचं मे महिन्यातलं ऊन कोणाला सांगायला नको, पण दगडाचा रंग दगडातच असतो, तो असा सालपटासारखा निघत नाही. पाऊस सुरू झाला आणि वाटेवर पांढरी खार फुटली. त्याहून वाईट म्हणजे वर मारलेलं चकचकीत कोटिंग ओलं झालं की पाय सरकायचा. ज्या आईसाठी हे सगळं केलं, तिला हात धरून फाटकापर्यंत न्यावं लागत होतं. पैशांपेक्षा याचाच मला जास्त राग आहे.

खरं काय ते शेजारच्या बांधकामावरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने सांगितलं. भिंतीकडे थोडा वेळ बघून म्हणाले, "हा दगड नोहे जी. हे पाहा, इथचा ओरखडा अन् तिथचा ओरखडा एकच." आणि खरंच, तोच उंचवटा, तोच खड्डा, कोपऱ्यातली तीच रेघ, काही फरशांनंतर पुन्हा. रबरी साच्यात ओतलेलं, वरून रंगवलेलं काँक्रीट होतं ते. एक सैल फरशी काढून फोडली. वरचा पातळ थर बदामी आणि आत राखाडी सिमेंट, खडीच्या चुरीसकट. वजनावरून हे कळलं नसतं, कारण सँडस्टोन आणि काँक्रीट यांच्या वजनात फारसा फरक नसतो.

अ‍ॅसिडच्या चाचणीबद्दलही सांगतो, कारण बरेच जण तिच्यावर डोळे झाकून भरवसा ठेवतात. सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा थेंब टाकला की सिमेंट फसफसतं. पण कोटा, शहाबादी, तांदूर, कडप्पा हे सगळे चुनखडीचे दगड आहेत, अस्सल असले तरी तेही फसफसणारच. ग्रॅनाइट फसफसत नाही आणि धोलपूरसारखा वाळूच्या कणांचा दगडही सहसा नाही. म्हणजे कोटा म्हणून घेतलेली फरशी फसफसली तर त्यावरून काहीच ठरत नाही. सँडस्टोन म्हणून घेतलेली जोरात फसफसली तर दुकानदाराला जाब विचारा. हातमोजे घालून करा आणि बसवलेल्या फरशीवर मुळीच करू नका.

वाईट याचंही वाटतं की आपण दगडाच्याच मुलखात राहतो. शहराच्या पश्चिमेला काळा कातळ, कामठीकडे वालुकाश्म, इतका की भूशास्त्रात त्या खडकांना कामठीचंच नाव आहे. झिरो माइलचा खांब सँडस्टोनचाच. तिथे जाऊन दगडाचा कण डोळ्यांनी नीट बघून या, मग नकली माल ओळखायला सोपं जाईल.

दुकानदाराकडे गेलो तर त्याने बिल पुढे केलं. "यात दगड कुठे लिहिलंय, दाखवा." बिलावर फक्त 'डेकोरेटिव्ह टाइल्स' होतं. 'धोलपूर सँडस्टोन' हे शब्द होते, पण आधीच्या कच्च्या एस्टिमेटवर, त्याच्या अक्षरात. ती चिठ्ठी आमच्या फाइलमध्ये निघाली तेव्हा त्याचा आवाज खाली आला. त्याहून पक्का पुरावा त्याच्याच बिलावर होता. जीएसटीच्या बिलावर मालापुढे एचएसएन क्रमांक, म्हणजे माल कुठल्या प्रकारचा आहे ते सांगणारा आकडा, छापलेला असतो. घडवलेल्या बांधकामाच्या दगडाला 6802, नुसत्या कापलेल्या सँडस्टोनच्या लाद्यांना 2516. सिमेंट, काँक्रीट किंवा कृत्रिम दगडाच्या वस्तूंना 6810. आमच्या बिलावर 6810 होता. म्हणजे सरकारला सिमेंट सांगून आम्हाला दगडाच्या भावाने विकलं होतं. साच्यातल्या टाइल्स विकणं हा गुन्हा नाही, काहींना त्या आवडतातही. त्या दगड म्हणून विकणं ही फसवणूक आहे.

दुकानदाराने 'ॲडजस्ट' करायची तयारी दाखवली, म्हणजे तसलाच माल पुन्हा, थोड्या कमी भावात. आम्ही नकार दिला, वकिलामार्फत नोटीस पाठवली आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघता येतो.

कोणाच्या घरी असा माल लागला असेल, तर रागाच्या भरात सगळा उखडून फेकू नका. आधी फोटो काढा, एकाच खुणेच्या फरशा शेजारी ठेवून काढा. फोडलेले तुकडे, बिल, एस्टिमेट, दुकानदाराचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जपून ठेवा. आणि ज्यांची खरेदी व्हायची आहे, त्यांनी दगडाचं नाव, खाण कुठली, जाडी आणि एचएसएन क्रमांक पक्क्या बिलावर लिहून घेतल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नयेत.