कुंपणाच्या छाटणीचं काय करायचं: कंपोस्ट की सरळ झाडाखाली आच्छादन?

पावसाळ्यात कुंपणाची डुरांटा नि मेंदी कशी सुटते ते नाशकात ज्यांचा बंगला किंवा रो-हाऊस आहे त्यांना वेगळं सांगायला नको. कात्री फिरवून होते न होते तोच परत फुटवे बाहेर येतात, आणि कंपाउंडच्या कोपऱ्यात ढीग वाढतच जातो. जाळायचा विषयच सोडा, आणि कण्हेर असेल तर अजिबातच नाही, तिचा धूरसुद्धा विषारी असतो (शेळ्यांनाही घालू नका). घंटागाडीत दिलं तर ते जाणार पाथर्डीच्या खत प्रकल्पावर, मग शेवटी खतच व्हायचं असेल तर ते आपल्याच अंगणात का नको, असं माझं म्हणणं.

मग उरतात दोन रस्ते. ड्रममध्ये किंवा खड्ड्यात कंपोस्ट करा, नाहीतर छाटलेलं सरळ झाडांच्या बुडाशी पसरा. मी दोन्ही केलंय, बरीच वर्षं.

कंपोस्टच्या बाजूने आधी बोलतो कारण कुंड्यांना त्याला तोड नाही. नुसता कोवळा पाला असेल तर आपल्या हवेत तीन-चार महिन्यांत काळं भुसभुशीत खत मिळतं, ढीग चांगला तापला, म्हणजे आत ५५ अंशांच्या वर गेला, तर तणांचं बी पण बरंचसं मरतं. शेण किंवा ताक-गूळ घातलं की गाडी लवकर सुरू होते, ओल मुठीत दाबल्यावर जेमतेम थेंब येईल एवढी ठेवायची, अधूनमधून खालीवर करायचं, हे सगळं तुम्हाला माहीत असेलच.

पण कुंपणाची छाटणी म्हणजे नुसता पाला नसतो ना, खरी अडचण तिथेच आहे. ढीग नीट कुजायला कर्ब-नत्राचं (कार्बन-नायट्रोजनचं) प्रमाण साधारण २५ ते ३० ला १ लागतं, पाला त्या हिशोबात बसतो पण जून काडी शंभराच्या वर जाते. त्यामुळे पाला कुजून जातो आणि काड्या तशाच राहतात. मग येते चाळणी. वाळू चाळायची चाळणी घमेल्यावर तिरकी धरायची, एक पाटी खत ओतायचं आणि हलवायला लागायचं. सालं निघालेल्या बोटभर काड्या वर राहतात त्यांचं काही नाही, त्या झटकून टाकता येतात, पण मेंदीच्या काडीला जागोजागी बेचकं असतं आणि ती दुबेळकी जाळीच्या भोकात उलटी अडकून बसतात. एकेक हाताने उपसायचं, परत हलवायचं, परत अडकतात. बोगनवेल असेल तर तिचे काटे काही केल्या कुजत नाहीत, ते चाळणीतून खाली खतात जातात आणि पुढे कधीतरी कुंडी बदलताना नखात घुसतात. त्यात पावसाळ्यात खत ओलं, म्हणजे चाळलंच जात नाही, गोळे होतात. खत उत्तम असतं, नाही म्हणत नाही, पण दर खेपेला ही चाळणी आठवली की हात पुढे जात नाही, आणि माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

श्रेडर, म्हणजे काड्या बारीक करायचं मशीन, घ्या असं बरेच जण सांगतात. घरगुती छोट्या मशीनमध्ये ओला पाला गुंडाळला जातो, थांबून थांबून साफ करावं लागतं, मला तरी एवढ्याशा कुंपणासाठी तो खर्च पटला नाही. आपल्याकडे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांची गोष्ट वेगळी, तिथे एप्रिलच्या खरड छाटणीला नि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला एवढ्या काड्या निघतात की ट्रॅक्टरचं मशीन परवडतं, आणि आता बरेच बागायतदार त्या बांधावर नेऊन जाळण्यापेक्षा बारीक करून ओळीतच टाकतात. मला आच्छादन करून बघावंसं वाटलं ते तेच बघून. सुभाष पाळेकर गुरुजींच्या नैसर्गिक शेतीत बीजामृत, जीवामृत, वाफसा या तत्त्वांच्या जोडीला आच्छादन आहेच, म्हणजे काही नवीन नाही.

पद्धत साधी आहे. सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) वीतभर तुकडे करायचे, जाड काड्या खाली आणि पाला वर, तीन-चार इंचांचा थर, पण बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडायची नाहीतर खोड ओलं राहून सडतं. पावसाळ्यात छाटलेलं लगेच पसरू नका, डुरांटाच्या नि मेंदीच्या काड्या ओल्या मातीत मुळं धरतात, आधी दोन-तीन दिवस फरशीवर सुकू द्या. डुरांट्याला पिवळी फळं धरायच्या आतच छाटा म्हणजे खाली रोपं उगवत नाहीत. आणि हे मातीत कालवायचं नाही, वरच ठेवायचं. मातीत मिसळलं तर काड्या कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि झाड पिवळं पडतं, वर ठेवलं तर तो त्रास जवळपास नाही.

फरक उन्हाळ्यात कळतो. एप्रिल-मेमध्ये आपली काळी माती भेगाळते, माझ्या लिंबू आणि पेरूच्या बुडाशी आता भेगा दिसत नाहीत, पाणी पण पूर्वीपेक्षा कमी वेळा द्यावं लागतं. मोजलेलं नाही, पण नळी धरणाऱ्याला कळतं. सकाळी थर थोडा उचलून बघा, खाली काड्यांवर बुरशीचे पांढरे धागे आणि मातीत गांडुळांची बारीक विष्ठा दिसते. ज्या काड्या चाळणीत अडकायच्या त्याच इथे वर्षभरात हाताने मोडतात, आणि त्यासाठी मला काहीच करावं लागलेलं नाही.

तोटे आहेतच. घरच्यांना ते पसारा वाटतं, पावसाळ्यात गोगलगाई होतात, उन्हाळ्यात कोरड्या काड्यांना वाळवी लागते म्हणून भिंतीला नि लाकडी दरवाजाला खेटून अजिबात घालू नका. साप-विंचवाची भीती असेल तर थर पातळ ठेवा, आणि लहान मुलं खेळतात त्या बाजूला नकोच.

तुमच्याकडे जमीन नसेल, सगळा कारभार गच्चीवरच्या कुंड्यांमध्ये असेल तर कंपोस्टच करा, तिथे मी आग्रह धरणार नाही. पण चार झाडं जमिनीत असतील तर मला वाटतं ड्रमचा खर्च करायच्या आधी एक उन्हाळा आच्छादन करून बघावं. दोन्ही हवं असेल तर छाटलेलं ताडपत्रीवर उन्हात टाका, मेंदीचा पाला वाळला की काठीने झोडल्यावर गळून पडतो. तो पाला ड्रममध्ये, आणि काड्या झाडाखाली.