जोडीच्या नावाखाली विकलेली बाद कार्डे

दोन स्वस्त ग्राफिक्स कार्डे (कॉम्प्युटरच्या पडद्यावरचे चित्र काढणारे भाग) एकत्र लावली की ती एका महाग कार्डाला भारी पडतात, असे सांगून वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातील आमच्या घराकडून २२,००० रुपये घेतले गेले. घेणारा जिल्ह्याच्या ठिकाणी दुकान थाटून बसलेला आहे. तक्रार प्रलंबित असल्यामुळे त्याचे किंवा दुकानाचे नाव देत नाही. मात्र त्याने वापरलेली युक्ती त्याच्या एकट्याची नाही. आपल्याकडे खेड्यापाड्यांतूनही आता मुले गेमिंगसाठी कॉम्प्युटर मागू लागली आहेत, आणि पैसे देणाऱ्या आई-वडिलांना कार्डातले काही कळत नाही, याच जागेवर हे लोक बरोबर बोट ठेवतात.

२०२३ च्या दिवाळीआधी सोयाबीनचे पैसे हाती आले, तेव्हा थोरल्या भावाने आपल्या मुलाला, म्हणजे माझ्या पुतण्याला, कबूल केलेले कार्ड घेऊन देण्याचे ठरवले. कॉम्प्युटर घरी होताच. पुतण्याने आपल्या परीने माहिती काढून एएमडी कंपनीचे आरएक्स ६६०० हे ८ जीबी मेमरीचे एकच कार्ड नक्की केले होते, आणि ते आमच्या पैशांत साधारण बसतही होते. दुकानात गेल्यावर मात्र ‘तो माल सध्या येत नाही’ असे उत्तर मिळाले आणि काउंटरवर आरएक्स ५८० ची, प्रत्येकी ४ जीबीची, दोन कार्डे मांडली गेली. पुतण्या कुरकुरू लागताच विक्रेत्याने मोर्चा माझ्याकडे वळवला. “सर, एका बैलावर वावर होते का? जोडी पाहिजेच ना! चार न् चार आठ जीबी झाले, अन् पावर डबल. पोराले काय समजते?” दोन्ही कार्डे नवी आहेत, असेही त्याने सांगितले, आणि सुदैवाने हेच सगळे त्याने आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर लेखी पाठवलेले होते.

बैलजोडीचे हे उदाहरण शेतकऱ्याच्या घरात पटकन पटते, म्हणूनच ते काळजीपूर्वक तपासायला हवे. जोडी नांगर ओढते, कारण दोन्ही बैलांच्या मानेवर एकच जू असते. ग्राफिक्स कार्डांच्या बाबतीत हे जू एकेकाळी खरोखर होते. थ्रीडीएफएक्स कंपनीची वूडू-२ कार्डे १९९८ मध्ये जोडीने लावता येत असत. पुढे २००४ मध्ये एनव्हिडिया कंपनीने एसएलआय आणि २००५ मध्ये एटीआयने (ही कंपनी नंतर एएमडीने घेतली) क्रॉसफायर या नावाने जोडणीची सोय आणली, आणि काही वर्षे हौशी लोकांनी दोन-दोन कार्डे लावून चांगला वेग मिळवलाही. विक्रेत्याचे बोलणे अशा रीतीने मुदत संपलेल्या खऱ्या गोष्टीवर उभे होते. निव्वळ थाप असती, तर ती पुतण्याने तिथल्या तिथे पकडली असती.

मुदत कशी संपली, तेही पाहण्यासारखे आहे. दोन कार्डांत काम वाटण्याची रूढ पद्धत अशी होती की, पहिले चित्र एका कार्डाने काढायचे, दुसरे दुसऱ्याने, तिसरे पुन्हा पहिल्याने. नव्या गेममध्ये मात्र पडद्यावरचे प्रत्येक चित्र तयार करताना आधीच्या चित्रातली माहिती वापरली जाते, त्यामुळे एका कार्डाला दुसऱ्याच्या कामाची वाट पाहत बसावे लागते आणि वाटणीचा फायदाच उरत नाही. जिथे वाटणी जमते तिथेही दोन चित्रांमधले अंतर समान राहत नाही. सेकंदाला किती चित्रे निघतात तो आकडा मोठा दिसतो, पण खेळताना हिसके बसतात. त्यातच डायरेक्टएक्स १२ (गेम आणि कार्ड यांना जोडणारी विंडोजमधली व्यवस्था) आल्यावर दोन कार्डे वापरण्याची जबाबदारी बहुतांशी गेम बनवणाऱ्यांवर आली, आणि मूठभर ग्राहकांसाठी एवढा खटाटोप करायला फारसे कोणी तयार झाले नाही. एनव्हिडियाने २०१६ सालच्या जीटीएक्स १०६० वर जोडणीची खाचच ठेवली नाही, १ जानेवारी २०२१ पासून जुन्या कार्डांसाठी एसएलआयची नवी प्रोफाइल (त्या-त्या गेमसाठी लागणारी जुळणी) देणे थांबवले, आणि आरटीएक्स ४० मालिकेत तर ही सोय मुळातच नाही. एएमडीकडेही क्रॉसफायर हे नाव मागे पडत गेले. आरएक्स ५८० ची दोन कार्डे जुन्या काही गेममध्ये आजही एकत्र चालू शकतात, हे मी नाकारत नाही. पण पुतण्या जे गेम खेळतो त्यांत तसे होत नव्हते, आणि ते कोणते, हे विक्रेत्याने आधीच विचारून घेतले होते.

‘चार न् चार आठ’ हा हिशोब तर जोडीच्या भरभराटीच्या काळातही खोटाच होता. दोन्ही कार्डांना तेच दृश्य काढायचे असल्यामुळे त्या दृश्याची सगळी सामग्री दोन्हींच्या मेमरीत वेगवेगळी भरावी लागते. म्हणजे ४ जीबीची दोन कार्डे लावली तरी गेमच्या हाती ४ जीबीच येते. ८ जीबी मागणारा गेम त्यावर तसाच अडखळतो.

घरी आल्यावर पुतण्याने टास्क मॅनेजर, म्हणजे कोणता भाग किती काम करतो ते दाखवणारी विंडोजमधली खिडकी, उघडून मला दाखवले. गेम चालू असताना ‘जीपीयू ०’ म्हणजे एका कार्डासमोर ९८-९९ टक्के असा आकडा होता आणि ‘जीपीयू १’ म्हणजे दुसऱ्यासमोर शून्य. मधूनच एखाद्या क्षणी तिथे १ येई आणि जाई. हे पाहायला कोणतेही वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही, विंडोज १० आणि ११ मध्ये ते असतेच, त्यामुळे दुकानदाराने लावून दिलेले मशीन उचलण्यापूर्वी तिथेच आपला गेम चालवून हे दोन आकडे बघावेत. आमच्या मदरबोर्डवरची दुसरी लांब खाच दिसायला पहिलीसारखीच होती, पण बोर्डाच्या पुस्तिकेत तिला फक्त ४ लेन, म्हणजे माहिती ये-जा करण्याच्या वाटा, असल्याचे स्पष्ट छापलेले आहे. दुकानात तोच बोर्ड समोर ठेवून कार्डे बसवली गेली, तेव्हा ही गोष्ट बसवणाऱ्याच्या लक्षात आली नसेल, यावर माझा विश्वास नाही.

इथवर फसवणूक निदान बोलण्यापुरती होती. खरा प्रकार पुतण्याने जीपीयू-झेड हे कार्डाची आतली माहिती दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर टाकल्यावर उघड झाला. पूर्ण आरएक्स ५८० मध्ये २३०४ शेडर, म्हणजे चित्राची आकडेमोड करणारे बारीक घटक, असतात. आमच्या दोन्ही कार्डांत २०४८ निघाले. एएमडीने २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी २०४८ शेडरचे एक आरएक्स ५८० आणले होते. नाव ५८० असले तरी ते प्रत्यक्षात त्याखालच्या आरएक्स ५७० च्या तोडीचे आहे. ते विकणे गुन्हा नव्हे, पण ते पूर्ण ५८० म्हणून विकणे ही लबाडी आहे. (एनव्हिडियाच्या बाजूला याहून वाईट प्रकार चालतात. जुन्या, भंगारात निघालेल्या कार्डाचे बायोस (कार्डाची ओळख सांगणारा त्याच्यातला मूळ प्रोग्राम) बदलून ते जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकले जाते. जीपीयू-झेडच्या २०१८ नंतरच्या आवृत्त्या अशा कार्डाच्या नावापुढे ‘फेक’ असे दाखवतात.)

मग आम्ही कार्डे बाहेर काढून दिवसाच्या उजेडात नीट पाहिली. मागच्या चार स्क्रूंच्या खाचा झिजून चकाकत होत्या, म्हणजे कूलर पूर्वी कोणीतरी उघडला होता. मेमरीच्या चिप जिथे असतात त्या भागाच्या कडेने तेलकट ओघळ उतरले होते. तापमान दीर्घकाळ चढे राहिले की थर्मल पॅडमधून, म्हणजे चिपची उष्णता कूलरकडे नेणाऱ्या मऊ पट्ट्यांमधून, असे तेल सुटते. पंख्यांची पाती वरून पुसलेली होती, पण मागच्या बाजूला धुळीचा राखाडी थर घट्ट बसलेला होता. एका कार्डाच्या पत्र्यावर, जिथे केबलच्या खाचा असतात तिथे, गंज चढला होता. खोका नवा आणि प्लास्टिक नवे, पण खोक्यावरचा सिरियल नंबर आणि कार्डावरचा नंबर जुळत नव्हते.

ही लक्षणे क्रिप्टो मायनिंगमधून, म्हणजे कॉम्प्युटरवर सतत आकडेमोड करून डिजिटल चलन मिळवण्याच्या धंद्यातून, बाहेर पडलेल्या कार्डांची आहेत. इथेरियम या चलनाच्या मायनिंगसाठी आरएक्स ५७० आणि ५८० कार्डे मोठ्या प्रमाणावर वापरली गेली आणि ती मायनिंगच्या शेडमध्ये रात्रंदिवस चालत असत. २०२० च्या अखेरीस त्या कामासाठी मेमरीत ठेवावी लागणारी फाइल ४ जीबीच्या पुढे गेली, तशी ४ जीबीची कार्डे त्यातून बाद होऊ लागली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धतच बदलली आणि कार्डांवरचे ते मायनिंग संपले. तो माल कुठेतरी खपवणे भाग होते. ४ जीबीचे एकटे कार्ड आज जाणकार गिऱ्हाईक घेत नाही, पण ‘जोडी’ केली की तोच माल दुपटीने खपतो. आमच्या विक्रेत्याला आरएक्स ६६०० ‘येत नव्हते’ यामागचे कारण मला एवढेच दिसते.

विजेची बाजू तर त्याने काढलीच नाही. एका आरएक्स ५८० ला १८५ वॉट लागतात, दोनांना ३७०. उलट आरएक्स ६६०० ला १३२ वॉट पुरतात. आमच्या ४५० वॉटच्या एसएमपीएसमध्ये (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यात) दुसऱ्या कार्डासाठी ८ पिनचा कनेक्टर नव्हता, म्हणून दुकानात हार्ड डिस्कसाठी असलेल्या पांढऱ्या मोलेक्स कनेक्टरला एक कन्व्हर्टर अडकवून दिला गेला. पुढे एकदा जास्त भार आला तेव्हा तो कनेक्टर पिवळ्या वायरीच्या बाजूने तपकिरी होऊन मऊ पडला. त्या रात्री मशीन चालू ठेवून कोणी झोपी गेले असते तर काय झाले असते, हे मी घरात बोललो नाही. शिवाय आपल्याकडे सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. म्हणजे कार्डांचा भारच त्याच्या पलीकडे जाऊ शकतो, आणि लाइन गेली की यूपीएस शिटी वाजवून तत्काळ मान टाकतो. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात टिनाच्या खोलीत एकाखाली एक बसवलेली दोन कार्डे एकमेकांचीच गरम हवा ओढतात, तो ताप निराळा.

विक्रेत्याकडे परत गेलो तेव्हा उत्तरे ठरलेली होती. आधी ड्रायव्हर अपडेट करा, मग विंडोज नव्याने टाका, मग गेममध्येच दोष आहे, आणि शेवटी ‘टेस्टिंग वॉरंटी सात दिवसांचीच होती, चिठ्ठीवर लिहिलं आहे’. चिठ्ठीवर खरोखर एवढेच लिहिलेले होते: ‘कॉम्प्युटर पार्ट २ नग’, रक्कम, आणि खाली टेस्टिंग वॉरंटी. मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही, जीएसटी क्रमांक नाही. पक्के बिल मागितल्यावर १८ टक्के वर लागतील असे सांगून ग्राहकाला परावृत्त करणे, हा या धंद्यातला नेहमीचा डाव आहे. पक्क्या बिलावर १५ अक्षर-अंकांचा जीएसटी क्रमांक असतो, महाराष्ट्रातला असेल तर तो २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून तो कोणाच्या नावावर आहे हे दुकानात उभ्या-उभ्या पाहता येते.

पक्के बिल नसले तरी हात झटकून बसण्याचे कारण नाही. आम्ही यूपीआयने पैसे दिल्याची नोंद, व्हॉट्सॲपवरचा ‘नवीन पीस, ४+४=८ जीबी’ हा मजकूर, जीपीयू-झेडचे दोन्ही स्क्रीनशॉट, सिरियल नंबरांचे फोटो आणि जळालेला कन्व्हर्टर असे सारे जपून ठेवले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यावर विक्रेत्याचा पहिल्यांदा स्वतःहून फोन आला आणि त्याने ६,००० रुपये परत देऊन विषय मिटवण्याची तयारी दाखवली. भावाने ती नाकारली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते. त्याप्रमाणे तक्रार दाखल केली आहे. पुतण्याने दरम्यान एक कार्ड काढून ठेवले असून दुसऱ्यावर तो जुने गेम खेळतो. वेगात काडीचाही फरक पडलेला नाही.

याच पद्धतीने ‘जोडी’ घेतलेल्या आणखी एका घराशी आमचा संपर्क झाला, आणि त्यांची चिठ्ठीही त्याच हस्ताक्षरात आहे. ज्यांच्याकडे अशी टेस्टिंग वॉरंटीची चिठ्ठी असेल, त्यांनी ती फाडून टाकू नये, तिचा आणि कार्डांवरच्या सिरियल नंबरांचा फोटो आजच काढून ठेवावा, आणि विक्रेता ‘चेक करून देतो’ म्हणून कार्डे परत मागू लागला तर लेखी पोच घेतल्याशिवाय ती त्याच्या हाती देऊ नयेत.