ट्रेलरच्या पायऱ्या बदलताना: लोंबत्या घ्याव्यात की टेकत्या?

पहाटे साडेपाचला कुणीतरी दार उघडून बाहेर पडतं आणि ते आत झोपलेल्या प्रत्येकाला कळतं. ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर, दाराच्या बाजूला जरासा कलतो, मग हळूच परत जागेवर येतो. लोंबत्या पायऱ्यांच्या ट्रेलरमध्ये ज्यांनी दोन रात्री काढल्यात त्यांना हे हलणं ओळखीचं असेल. आम्ही ते चार वर्षं चालवून घेतलं. पाचव्या वर्षी पायऱ्या बदलल्या. अमेरिकेत ट्रेलर बाळगणाऱ्या दोन-तीन मराठी मित्रांनी त्याबद्दल विचारलं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

लोंबत्या म्हणजे दाराखालून ओढून उलगडायच्या, फक्त चासीला (ट्रेलरच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला) बोल्ट केलेल्या, खाली जमिनीचा आधार नसलेल्या. टेकत्या म्हणजे दाराच्या उंबरठ्यालाच बसवलेल्या, प्रवासात उभ्या दुमडून दाराच्या आत राहणाऱ्या आणि उघडल्यावर स्वतःच्या पायांवर जमिनीवर उभ्या राहणाऱ्या. विजेवर चालणारा तिसरा प्रकारही आहे. दार उघडलं की पायरी आपोआप बाहेर येते, इंजिन चालू करून दार लावलं की आत जाते. मोटरहोमवाल्यांना, म्हणजे ज्यांच्या घराला स्वतःचंच इंजिन असतं त्यांना, ती सोय मोठी वाटते, पण आमच्यासारख्या ओढायच्या ट्रेलरला मोटर, दाराचा स्विच आणि वायरिंग एवढं सगळं सांभाळायचं कारण मला दिसलं नाही.

आमचा ट्रेलर जुना घेतलेला, २६ फुटी. मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पडतं आणि आधीचा मालक थंडीतही ट्रेलर बाहेर काढत असे. त्यामुळे खालची पायरी घेतली तेव्हापासूनच गंजलेली होती. तरी गंज हे खरं कारण नव्हतं. खरं कारण दोन उन्हाळ्यांपूर्वी कळलं, आई गुहागरहून तीन महिन्यांसाठी आली तेव्हा.

मिशिगनमधल्याच लडिंग्टन स्टेट पार्कला मुक्कामाला गेलो होतो. आईचे गुडघे तिच्या वयाच्या मानाने ठीक आहेत, घरातला जिना ती रोज चढते-उतरते. पण ट्रेलरच्या दारात आली की थबकायची. एक हात दाराच्या चौकटीला, दुसरा हात माझ्या खांद्यावर, आणि एक पाय पुढे करून पायरी आधी चाचपून बघायची. पायरी वजनाखाली बोटभर दबायची, वरून पुढे झुकायची, आणि त्याच वेळी पायाखालचा ट्रेलरही कलायचा. ती म्हणाली, "दाभोळच्या धक्क्यावरून होडीत पाय टाकल्यासारखं वाटतं रे." तिसऱ्या दिवसापासून तिने दुपारी बाहेर येणं कमी केलं. आम्ही तळ्याकाठी बसलेलो आणि ती आत, खिडकीशी. कारण विचारलं तर म्हणाली, ऊन आहे. ऊन नव्हतं.

घरी आल्यावर खाली झोपून नीट पाहिलं. पायरीपेक्षा ती जिथे बसवली आहे ती जागा जास्त वाकलेली होती. माणूस सगळ्यात बाहेरच्या पायरीवर उभा राहतो तेव्हा त्याचं सगळं वजन पहारीसारखं त्या बोल्टांवर आणि चासीच्या पातळ पत्र्यावर येतं. वर्षानुवर्षं तसं होत राहिलं की पत्रा पीळ खातो आणि पायऱ्या नाक खाली करून लोंबू लागतात. माझा निर्णय इथेच निम्मा झाला. त्याच मापाच्या नव्या लोंबत्या पायऱ्या आणल्या असत्या, तरी त्या त्याच पिळलेल्या पत्र्याला लटकल्या असत्या.

आता लोंबत्यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण त्यांचे फायदे खरे आहेत. त्या स्वस्त पडतात. बोल्टांच्या भोकांची मापं जुळली तर दोन तासांत काम होतं. आतली जागा खात नाहीत. आणि वाटेत पेट्रोल भरायला थांबलात, फ्रीजमधून पाण्याची बाटली हवी झाली, तर एका हाताने ओढा आणि चढा. चासीला आडवा लोखंडी अँगल वेल्ड करून घेतला तर झुकणं बरंच कमी होतं असं ज्यांनी केलंय ते सांगतात. पायरीखाली लावायचा छोटा स्क्रू-जॅकही मिळतो. तो मी एक मोसम वापरला. कडक जमिनीवर उत्तम, लडिंग्टनच्या वाळूत मात्र संध्याकाळपर्यंत रुतून बसायचा, आणि निघताना तो काढायची आठवण कुणीतरी ठेवावी लागायची. तुम्ही दोघंच असाल, गुडघे धडधाकट असतील आणि एका जागी दोन रात्रींपेक्षा जास्त राहत नसाल, तर नव्या लोंबत्या आणि एक अँगल एवढ्यावर तुमचं भागेल.

टेकत्यांमध्ये दोन नावं सारखी कानावर येतात, लिपर्टचं सॉलिडस्टेप आणि मोरराइडचं स्टेपअबव्ह. दोन्ही कंपन्या इंडियानातल्या एल्कहार्टच्या, म्हणजे आरव्ही (ट्रेलर, मोटरहोम वगैरे) धंद्याच्या पंढरीतल्याच. दोन्हींवर उभा राहून पाहिलं, पायाला काही फरक जाणवला नाही. आमच्या दाराला ज्याचं माप नेमकं बसलं ते घेतलं. टॉर्कलिफ्टचं ग्लोस्टेप शेजारच्या साइटवर पाहिलं होतं. ते कात्रीसारखं उघडतं आणि पायऱ्यांच्या कडेच्या पट्ट्या अंधारात चमकतात. स्वतः वापरलं नाही, त्यामुळे त्यावर मत देत नाही.

टेकत्यांचा त्रासही सांगतो. पायऱ्या दुमडलेल्या असताना दार उघडलं की समोर ॲल्युमिनियमची भिंत. आत जायचं तर आधी त्या खाली घ्यायच्या, आणि त्यासाठी दारासमोर तीन-चार फूट मोकळी जागा लागते. रेस्ट एरियात बाजूला दुसरी गाडी चिकटून उभी असेल तर पंचाईत होते. पाऊस झाला असेल तर पायऱ्यांवरचा चिखल दुमडताना तुमच्याबरोबर घरात येतो. आम्ही दाराशी एक जुनी चादर घालतो, पायऱ्या वर घेण्याआधी छोट्या केरसुणीने झाडतो, आणि तरीही थोडी वाळू आत येतेच. बायकोची या पायऱ्यांबद्दल एवढी एकच तक्रार आहे आणि ती रास्त आहे.

पण पहिल्याच रात्री फरक कळला. मुलगी पहाटे उठून बाहेर गेली आणि मला जागच आली नाही. चढणाऱ्याचं वजन थेट जमिनीत जातं, ट्रेलरला फारसं कळतच नाही. मी काही मोजमाप केलेलं नाही. माझी खूण एवढीच, की टेबलावरचा चहा कुणी आत आलं तरी बशीत सांडत नाही.

बसवण्याबद्दल. मापं ट्रेलर समतल करून, टाकी आणि सामान भरलेलं असताना घ्या. रिकाम्या ट्रेलरचा उंबरठा वर असतो. आमचा जमिनीपासून ३० इंच आला. तिथे तीन पायऱ्या धरल्या तर प्रत्येक चढ साडेसात इंचांचा होतो, घरच्या जिन्याएवढा. दोनच घेतल्या असत्या तर दहा इंचांचा झाला असता, आणि तो आईला जड गेला असता. पायऱ्यांमधलं अंतर ठरलेलं असतं, खालचे पाय तेवढे कमीजास्त होतात, म्हणून आपली उंची कंपनीच्या तक्त्यात बसते ना ते आधी बघा. दाराची रुंदी जाळीच्या दारासकट मोकळी किती राहते ते मोजा. आणि आतल्या बाजूला सोफ्याचा कोपरा किंवा कपाटाची मूठ दुमडलेल्या पायऱ्यांच्या आड येते का, ते पुठ्ठ्याचा तुकडा उभा धरून पाहा. हे मी केलं नव्हतं. चपलांचं कपाट नंतर हलवावं लागलं.

जुन्या पायऱ्या काढणं हेच मोठं काम. आदल्या रात्री बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, तरी चारातले दोन ग्राइंडरने कापावे लागले. पायऱ्या जड असतात. शेवटचा बोल्ट काढण्याआधी खाली लाकडी ठोकळे रचून ठेवा, नाहीतर सगळा सांगाडा अंगावर येईल. काहींच्या पायऱ्या वेल्ड केलेल्या असतात, त्या वेल्डरकडूनच कापून घेतलेल्या बऱ्या.

नव्या पायऱ्यांचे स्क्रू उंबरठ्यातून खालच्या प्लायवूडमध्ये जातात, तेव्हा ते प्लायवूड आधी तपासा. पेचकस टोचून पाहिला तर आमच्याकडे एका कोपऱ्यात तो सरळ आत गेला. दाराखालून वर्षानुवर्षं पाणी मुरलं होतं. हातभर तुकडा कापून नवा बसवला, उंबरठ्याच्या पट्टीखाली ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट पट्टी) लावली आणि मग स्क्रू घट्ट केले. शनिवारी सकाळी सुरू केलेलं काम रविवारी दुपारी संपलं. तो कुजका तुकडा तसाच राहिला असता तर टेकत्या पायऱ्याही वर्षभरात हलायला लागल्या असत्या, आणि मी दोष पायऱ्यांना दिला असता.

मुक्कामी पोचल्यावर आधी ट्रेलर समतल करायचा, पायऱ्या नंतर उतरवायच्या. क्रम चुकला की पायांची उंची धरून ठेवणाऱ्या पिना परत काढून परत लावाव्या लागतात. वाळूत प्रत्येक पायाखाली फळीचा तुकडा. रेस्ट एरियासाठी गाडीच्या डिकीत एक घडीचं स्टूल ठेवा. त्यावर उभं राहून, पायऱ्या अर्ध्या वर धरून, दाराजवळची पिशवी तेवढी हाताला लागते.

आई पुढच्या जूनमध्ये परत येते आहे. तिच्यासाठी दाराच्या डाव्या बाजूला लांब दांडा बसवायचा राहिलाय, तो मे महिन्यात बसवीन.