झाकणाचा लिटर बॉक्स, चार तऱ्हेची वाळू आणि दोन मांजरं: अकरा महिन्यांचा अनुभव

टिकली चार वर्षांची, बंडू दीड वर्षांचा. दोघांचीही नसबंदी झालेली, दोघंही पूर्णवेळ घरात. बंडू आला त्याला अकरा महिने झाले. एवढ्या काळात मांजरांसाठी जितकं सामान आणलं, तितकं आधीच्या तीन वर्षांत आणलं नव्हतं, आणि त्यातलं जवळजवळ निम्मं आज वापरात नाही. काय टिकलं, काय नाही आणि का, ते लिहिते आहे. वहीत तारीखवार नोंदी ठेवल्या होत्या, त्यांच्यावरूनच हे सगळं.

सुरुवात लिटर बॉक्सपासून, म्हणजे मांजरांच्या शू-शीसाठी वाळू भरून ठेवायच्या खोक्यापासून, कारण सगळ्यात जास्त रडवलं त्यानेच. आधी टिकलीचा एक साधा उघडा ट्रे होता आणि तीन वर्षांत तिने एकदाही बाहेर घाण केली नव्हती. दोन मांजरं म्हणजे वास वाढणार, या धास्तीने मी झाकणाचा, झुलत्या दाराचा, वर कोळशाची पट्टी असलेला बॉक्स घेतला आणि जुना ट्रे काढून टाकला. जोडीला सुगंधी वाळू. पहिले दोन आठवडे मी अगदी खूश होते. घरात वास नाही, जमिनीवर कण नाही. तिसऱ्या आठवड्यात टिकलीने पायपुसण्यावर शू केली. मग धुवायला काढलेल्या कपड्यांच्या ढिगावर. मग माझ्या अंथरुणावर, मी शेजारी जागी असताना.

नव्या मांजराचा राग काढते आहे, असं घरातल्यांचं मत पडलं. दोन दिवस मलाही तसंच वाटलं आणि मी तिच्यावर ओरडले. ते अजून मनात सलतं. मांजर सूड उगवायला शू करत नाही. एक तर तिला दुखत असतं, किंवा जिथे जायला हवं तिथे जाणं तिला नकोसं झालेलं असतं. पहिली शक्यता डॉक्टरांनीच तपासायची असते. आम्ही टिकलीची लघवी तपासून घेतली, त्यात काही निघालं नाही. वर्षानुवर्षं नीट वागणाऱ्या मांजराने अचानक बाहेर शू केली तर तपासणी आधी, बॉक्सचे प्रयोग नंतर, हे मी कुणालाही सांगेन.

मग एका सुट्टीच्या दिवशी मी बॉक्सपासून थोड्या अंतरावर पुस्तक घेऊन बसले, आणि दुपारपर्यंत उत्तर मिळालं. टिकली आत गेली की बंडू दारासमोर येऊन दबा धरायचा. ती डोकं बाहेर काढायची आणि हा झेप घ्यायचा. त्याच्या दृष्टीने तो निव्वळ खेळ होता. पण तिला आत असताना बाहेर कोण आहे ते दिसत नव्हतं आणि बाहेर पडायला वाट एकच होती. दार काढलं, फरक पडला नाही. झाकणच काढलं, आणि आठवड्याला तीन-चार वेळा होणारा प्रकार एकावर आला. म्हणून झाकणाचा बॉक्स सरसकट वाईट, असं माझं म्हणणं नाही. पुष्कळ मांजरांना झाकणाने काही फरक पडत नाही. पण घरात एकाहून जास्त मांजरं असतील आणि त्यातलं एक दांडगट असेल, तर एका दाराचा बॉक्स म्हणजे भित्र्या मांजरासाठी सापळा आहे.

उरलेला एक प्रकार जायला आणखी दोन बदल लागले. मांजरं जितकी, त्यापेक्षा एक बॉक्स जास्त, हा नियम मला आधी वाचून माहीत होता. जागा नाही म्हणून मी तो टाळला होता. आता तीन आहेत, आणि तिन्ही वेगवेगळ्या खोल्यांत. तीन बॉक्स एका ओळीत मांडले तर मांजराच्या लेखी तो एकच मोठा बॉक्स असतो आणि बंडू एका जागी बसून तिन्हींवर पहारा देऊ शकतो. दुसरा बदल आकाराचा. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत मांजराची जी लांबी, तिच्या दीडपट बॉक्स हवा असं सांगतात. बंडू तसा मोजला तर 48 सेंटिमीटर, म्हणजे बॉक्स 70 सेंटिमीटरच्या आसपास हवा. मांजरांचे म्हणून मिळणारे बहुतेक बॉक्स मला यापेक्षा आखूडच दिसले. शेवटी मी कपडे ठेवायचे मोठे प्लास्टिकचे खोके आणले, एका बाजूची भिंत आत जाता येईल इतकी कापली आणि कापलेली कड घासून गुळगुळीत केली. उंच भिंतींमुळे वाळूही कमी उडते. अकरा महिन्यांत आणलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये ही सर्वात साधी, आणि मला सर्वात जास्त समाधान देणारी.

आता वाळू. 1947 साली अमेरिकेत एडवर्ड लो यांनी मांजरांसाठी शोषक माती विकायला सुरुवात केली, तोवर लोक राख किंवा साधी वाळू वापरत. आज निवड इतकी आहे की डोकं गरगरतं. मी चार प्रकार वापरले, प्रत्येक निदान सहा आठवडे. नवी वाळू एकदम बदलली नाही. जुन्या वाळूत दर दिवशी थोडी मिसळत गेले.

पहिली गुठळ्या होणारी बेंटोनाइट माती. ही माती ओल लागली की फुगते आणि घट्ट गोळा होतो, तेवढाच उचलायचा. मांजरांना पायाखाली ती सर्वात आवडते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बारीक, मऊ, उकरायला सोपी. सुगंधी माती बंद करून बिनवासाची आणली त्या आठवड्यापासून टिकली पुन्हा पूर्वीसारखी निवांत उकरायला लागली. तो सुगंध आपल्या नाकासाठी असतो आणि मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असतं, एवढं मला आधी सुचायला हवं होतं. मातीचे तोटेही आहेत. पिशवी उचलताना पाठ भरून येते, ओतताना धूळ उडते, आणि ती संडासात टाकता येत नाही, नळ तुंबतो. अगदी लहान पिल्लं वाळू खाऊन बघतात, म्हणून त्यांच्यासाठी गुठळ्या होणारी वाळू नकोच.

दुसरी टोफूची, म्हणजे सोयाबीनच्या चोथ्यापासून केलेली. हलकी, धूळ जवळपास नाही, बंडूने पहिल्याच दिवशी स्वीकारली. कोरड्या हवेत मला ती मातीइतकीच आवडली. हवा दमट झाली तशी खोक्याच्या तळाशी आंबूस वास धरू लागला आणि एकदा पिशवीतच बुरशी दिसली. आता घेतलीच तर छोटी पिशवी, आणि ती घट्ट झाकणाच्या डब्यात.

लाकडाच्या भुश्याच्या गोळ्या टिकलीने साफ नाकारल्या. तिने काठावर उभं राहून शू केली, पाय आत टाकले नाहीत. ओल्या झाल्या की गोळ्यांचा भुसा होतो आणि तो चाळून काढावा लागतो, त्यासाठी जाळीचा वेगळा ट्रे लागतो. वास मात्र छान दबतो. पिल्लूपणापासून सवय असेल तर चांगला पर्याय. सिलिकाच्या खड्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही: ओल शोषतात, रोज शी उचलून खडे ढवळायचे, पण टोचतात, आणि रात्री पायाखाली कुरकुरतात.

कुठलीही वाळू घ्या, दिवसातून दोनदा उचललं नाही तर तिचा उपयोग नाही. मी पाच ते सात सेंटिमीटर थर ठेवते, रोज घटेल तेवढी भर घालते, आणि मातीचं खोकं महिन्यातून एकदा पूर्ण रिकामं करून सौम्य साबणाने धुते. घरात कुणी गर्भवती असेल तर हे काम दुसऱ्याने करावं. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजराच्या शीतून येतो खरा, पण बाहेर पडल्यावर तो संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस जातात. रोज सफाई करण्यामागे हेही एक कारण आहे. मांजर घराबाहेर काढण्याची मुळीच गरज नसते.

जिथे शू झाली होती त्या जागा साफ करण्यात माझ्या सगळ्यात जास्त चुका झाल्या. मांजराच्या लघवीतलं युरिक आम्ल पाण्यात धड विरघळत नाही. पुसल्यावर वास गेला असं वाटतं, हवा दमट झाली की परत येतो, आणि मांजर त्याच जागी परत जातं. मी आधी ब्लीच वापरलं. ते मुळीच करू नका. लघवीतल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन विषारी वायू तयार होतो. फिनाइलही नको, कारण फिनॉलसारखी द्रव्यं मोडून बाहेर टाकायची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी असते, आणि आपण पुसलेल्या फरशीवरून चालून ते पंजे चाटतं. याच कमतरतेमुळे माणसांची पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. एन्झाइमचा क्लीनर हाच खरा उपाय, पण तो फवारून लगेच पुसायचा नाही. डाग जितका खोल गेला असेल तितकं भिजवायचं, निदान पंधरा मिनिटं तसंच ठेवायचं आणि मग आपोआप सुकू द्यायचं. घाईघाईने वापरून मी आधी एक बाटली वाया घालवली आणि वस्तू कुचकामी आहे असा समज करून घेतला होता. गादीतला वास दुसऱ्या भिजवणीनंतर गेला.

सहाव्या महिन्यात बंडूचं दुखणं झालं. संध्याकाळी तो दर दहा मिनिटांनी खोक्यात जाऊन बसू लागला, ताण द्यायचा, बाहेर येऊन खालची जागा चाटायचा. मला आधी वाटलं बद्धकोष्ठ. मग वाळू पाहिली तर त्या दुपारपासून एकही गुठळी नव्हती. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, आणि ती बंद झाली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. आम्ही त्याच रात्री डॉक्टरांकडे पोचलो, नळी घालून मार्ग मोकळा केला, तीन दिवस त्याला तिथेच ठेवावं लागलं. बंडू वाचला. गुठळ्या होणाऱ्या वाळूचं माझ्या लेखी सर्वात मोठं मोल हेच आहे की शू किती आणि कितीदा झाली ते दिसतं. खड्यांच्या वाळूत मला ते त्या रात्री कळलं नसतं. तेव्हापासून वहीत रोज गुठळ्यांचा आकडा लिहिते.

त्याच काळात पाण्याचं छोटं कारंजं आणलं आणि ओलं खाणं वाढवलं. कारंज्यातून बंडू पितो, टिकली ढुंकूनही बघत नाही. तिला पसरट, काठोकाठ भरलेलं भांडं लागतं, आणि तेही जेवणाच्या ताटलीपासून लांब. दर आठवड्याला पंप उघडून धुतला नाही तर आत बुळबुळीत थर धरतो. ओल्या खाण्याने पाणी पोटात जास्त जातं, एवढं नक्की.

सोफ्याची कहाणी लहान आहे. पहिला नखं घासायचा खांब गुडघ्याएवढा होता आणि हात लावला की डुलायचा. कुणीही त्याच्याकडे गेलं नाही. नखं घासताना मांजर पूर्ण अंग ताणतं, नखांची जुनी सालं उतरवतं आणि पंज्यातल्या ग्रंथींचा वास मागे ठेवतं. त्यासाठी उंच आणि पक्कं काहीतरी लागतं. दुसरा खांब 90 सेंटिमीटर, जड बैठकीचा, सिसालच्या, म्हणजे घायपाताच्या तंतूंच्या, दोरीचा. तो मी कोपऱ्यात न ठेवता सोफ्याच्या फाटलेल्या बाजूला चिकटून उभा केला आणि सोफ्याला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली. तीन आठवड्यांत दोघं खांबावर गेली. मग खांब दर दिवशी वीतभर सरकवत खिडकीशी नेला. दोरी आता सैल झाली आहे, पण ती मी बदलणार नाही. जितकी उसवलेली तितकी त्यांना प्रिय.

पहाटे साडेचारला उठवण्याचा प्रश्न अर्धाच सुटला आहे. मांजरं पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वात जागी असतात, तो त्यांचा स्वभावच आहे. झोपायच्या आधी पंधरा मिनिटं पिसाच्या काठीने दमेपर्यंत खेळवायचं आणि लगेच खायला द्यायचं, म्हणजे शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप हा क्रम पुरा होतो. टिकली यावर सहापर्यंत झोपते. बंडूसाठी वेळ लावून उघडणारा खाण्याचा डबा घेतला. आता तो मला न उठवता डब्यासमोर जाऊन बसतो, आणि डबा उघडायला उशीर आहे असं वाटलं की ओरडतो. खेळ संपला की दोरीची खेळणी कपाटात बंद ठेवते, कारण गिळलेला दोरा आतडी कापू शकतो.

वहीत टिकलीची बाहेर शू केल्याची शेवटची नोंद पाच महिन्यांपूर्वीची आहे. झाकणाचा बॉक्स एकच मांजर असलेल्या मैत्रिणीला दिला. तिचं मांजर त्यात बिनतक्रार जातं. झुलतं दार मात्र तिने पहिल्याच आठवड्यात काढून ठेवलं.